विचारा, सांगते : लेकराच्या नावचं लेकराला

या महिन्यात दिव्यांग लेकरांच्या आईबापांची इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. गावं वेगळी, आजार वेगळे, पण घोर एकच : सरकारकडून काय मिळतं, कुठे मिळतं आणि ते लोक परत का पाठवतात. मी विशेष शिक्षिका. यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांमधून आणि घरांमधून अशा मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे तहसील, जिल्हा रुग्णालय आणि पंचायत समितीचे उंबरे मलाही पाठ झालेत. पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तोच प्रश्न सगळ्यात जास्त घरांचा आहे.

"ताई, माहा पोरगा नऊ वर्षाचा हाय. जनमला तवा लवकर रडला नाही, डॉक्टरनं सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा होऊन हालचाल अडते तो विकार) सांगतली. बसते, पन उभा राहत नाही. बोलनं मलेच समजते. चार वर्षाचा असताना सर्टिफिकेट काढलं होतं, त्याची मुदत सरली. निराधारसाठी तहसीलात गेली त म्हने, अठरा वर्षाचा झाला का आनजा. शेजारीन म्हनते, पोराची निराधार सुरू झाली का तुही लाडकी बहीण बंद होते. दोन एकर कोरडं वावर हाय, मालक मजुरीले जाते. काय करू?"
— एक आई, घाटंजी तालुका

बाई, आधी तहसीलचं बघू. तुम्हाला जी अठराची अट सांगितली, ती दुसऱ्याच योजनेची आहे. केंद्राचं इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन आहे, त्याला वय १८ ते ७९, दारिद्र्यरेषेखालचं नाव आणि ८० टक्के अपंगत्व लागतं. केंद्राचे त्यात महिन्याला ३०० रुपये असतात. राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना वेगळी. तिच्यात ६५ वर्षांखालचे दिव्यांग बसतात, आणि दिव्यांग लहान असेल तर अर्ज आईबापांनी पालक म्हणून करायचा असतो. दोन्ही योजनांचं काम तहसीलच्या एकाच शाखेत चालतं, म्हणून ही गल्लत होते आणि तिच्यापायी लेकराची वर्षं वाया जातात. मला याचा फार त्रास होतो. नऊ ते अठरा म्हणजे थेरपीची, बूट-कॅलिपरची, वाढत्या अंगाला नवी खुर्ची लागण्याची वर्षं. पैसा लागतो तो तेव्हाच.

या योजनेला प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात. घरचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावं लागतं. बाकी निराधारांना हीच मर्यादा २१,००० आहे, दिव्यांगांसाठी ती वाढवलेली आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी महिना २,५०० रुपये झाली, त्याआधी १,५०० होती. आता कोणी तोंडी "नाही" म्हटलं तर त्यावर घरी येऊ नका. अर्ज भरा, कागद जोडा, आवक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. नामंजूर करायचा तर त्यांना कारण लिहून द्यावं लागेल, आणि "वय कमी" असं कारण लिहून सही करायला फारसं कोणी पुढे येत नाही.

लाडकी बहीण बंद होईल ही भीती मनातून काढा. त्या योजनेतली अट बाईच्या स्वतःच्या नावावर दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर, अशी आहे. निराधारचा लाभार्थी तुमचा मुलगा आहे, तुम्ही नाही. म्हणूनच मुलाच्या नावाचं वेगळं खातं उघडा. त्यात तुम्ही पालक म्हणून सही कराल, पण खातं त्याचं, आधार त्याचं. पैसा आता आधारला जोडलेल्या खात्यातच येतो. आईच्या खात्यात घेऊ म्हणून कोणी सुचवलं तर नका ऐकू. पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो.

पण हे सगळं होण्याआधी प्रमाणपत्र. मुदत सरलेल्या कागदावर कोणतंच दार उघडत नाही. तुमच्याकडचं जुनं प्रमाणपत्र फेकू नका, नव्या अर्जाला ते जोडा. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा आणि प्रमाणपत्राचा अर्ज सेतू केंद्रातून किंवा गावात संगणक येणाऱ्या पोराकडूनही भरता येतो. मग जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणी. यूडीआयडीचं कार्ड आलं की तेच सगळीकडे चालतं, एसटीतसुद्धा. एसटीत ४० टक्क्यांवर तिकिटाला ७५ टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत जाणाऱ्यालाही अर्धं तिकीट. थेरपीला यवतमाळला जाणाऱ्या माउलीसाठी ही लहान गोष्ट नाही.

बोर्डाबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते. तपासणीच्या दिवशी आई लेकराला न्हाऊमाखू घालते, धुतलेले कपडे घालते, भांग पाडते, ते चांगलंच आहे. पण डॉक्टरांनी विचारलं, "स्वतः जेवतो का?" की ती म्हणते, "हो, खाते ना." खातो म्हणजे तिने घास हातात दिला, मनगट धरलं आणि तोंडाशी नेलं, तर खातो. तिला खोटं बोलायचं नसतं. परक्या माणसापुढे लेकराला कमी म्हणायला जीभ रेटत नाही. तो कागद मात्र त्या एका "हो"वर कमी टक्क्यांचा होतो. तेव्हा रोजचं जसं आहे तसं सांगा. संडासला कोण नेतं, रात्री कूस कोण बदलतं, झटके कधी येतात, गिळताना ठसका लागतो का. शक्य झालं तर घरून लिहूनच न्या, तिथल्या गर्दीत अर्धं विसरायला होतं. टक्के जास्त लागले म्हणून लेकरू कमी होत नाही.

आणि आधार. पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे द्यावे लागतात, पंधराव्या वर्षी पुन्हा. सीपीच्या लेकराची मूठ घट्ट असते आणि केंद्रावरचा माणूस बोटं ओढायला लागतो. जितकं ओढाल तितकी मूठ आवळते, लेकरू रडतं, रांग कुरकुरते. त्याला थांबवा आणि हात तुमच्या हातात घ्या. कोपराला आधार देऊन मनगट हळूच खाली वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठ्याच्या बुडाशी धरून तळवा यंत्रावर ठेवा. एवढं करूनही ठसा आला नाही, डोळ्यांचंही जमलं नाही, तर आधारच्या नियमांत बायोमेट्रिक अपवाद म्हणून नोंद करायची सोय आहे. "याचं आधार होतच नाही" हे उत्तर चुकीचं आहे.

तुमच्या मुलासाठी आणखी एक, निरामय. हा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेचा आरोग्य विमा आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच तो आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. मला तो मोलाचा वाटतो, कारण दवाखान्यात भरती न होताही त्यातून फिजिओथेरपी, औषधं, तपासण्या यांचे पैसे ठरलेल्या मर्यादेत परत मिळतात. आधीपासून आजार आहे म्हणून नाकारत नाहीत, आधी वैद्यकीय तपासणीही मागत नाहीत. दारिद्र्यरेषेखालच्यांना नोंदणीचे २५० रुपये, बाकीच्यांना ५००. अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होतो. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात अशा संस्थेचं नाव विचारा. फक्त प्रत्येक थेरपीचं, प्रत्येक गोळीचं पक्कं बिल जपा. चिठ्ठीवर लिहिलेले आकडे चालत नाहीत.

शाळेचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे बहुतेक तो घरीच असेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या अशा प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. नाव शाळेत घाला. जाता येत नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतून विशेष शिक्षक घरी येतात. जात असेल तर मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मापाची खुर्ची, कॅलिपर यांसाठी त्याचं नाव पंचायत समितीच्या गट साधन केंद्राच्या यादीत लागतं. यादीत नाव नसलं तर मोजमापाच्या शिबिराचा निरोपही येत नाही.

"आमची मुलगी आठवीत आहे. सिकलसेल, एसएस. दिसायला धडधाकट आहे, पण महिन्या-दोन महिन्याला हातपाय धरून रडते, रक्त चढवावं लागतं. शाळा बुडते. गुरुजी म्हणाले, हेही दिव्यांगात येतं. खरं आहे का? लोक हसतील का?"
— वडील, कुरखेडा तालुका, गडचिरोली

गुरुजी बरोबर सांगतात. जुन्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आले. आपल्या विदर्भासाठी, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाटसाठी हा बदल किती मोठा आहे ते तुमच्यासारख्या घरांना वेगळं सांगायला नको. हा आजार दिसत नाही म्हणून "नाटकं करते" असं ऐकून घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हसणाऱ्यांचा विचार सोडा, भाऊ. तिच्या दुखण्याला कागदावर नाव मिळू द्या.

एसएस म्हणजे रुग्ण, एएस म्हणजे वाहक. वाहकाला प्रमाणपत्र मिळत नाही. तुम्ही दोघं नवराबायको बहुतेक वाहक असाल, तुम्हाला नाही, तिला मिळेल. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर टक्के लागत नाहीत. दुखण्याचे झटके किती, रक्त कितीदा चढवलं, भरती किती वेळा, हे बघतात. म्हणून प्रत्येक भरतीचं सुटीचं कार्ड, रक्त चढवल्याची नोंद, गोळ्यांच्या चिठ्ठ्या एका फायलीत तारखेने लावा. ग्रामीण रुग्णालयात नेता तेव्हा कार्ड मागून घ्या. घाईत ते राहून जातं आणि मग बोर्डापुढे तुमच्याकडे शब्दाशिवाय काही नसतं. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हव्यात. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी आणि उपचार दोन्ही आहेत. गोळ्या नाहीत म्हणाले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा, कारण या गोळीत खंड पडणं बरं नाही.

संजय गांधी निराधारच्या यादीत सिकलसेलचं नाव आहे, तिथे अर्ज करा. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेलच्या रुग्णाला तिकीट पूर्ण माफ आहे. दहावीला प्रमाणपत्रावर तासाला २० मिनिटं जादा मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेने मंडळाकडे पाठवायचा असतो, तो नववीतच मागे लागून करून घ्या. पुढे कॉलेजात दिव्यांगांच्या ५ टक्के जागांत ती बसेल. एक मात्र आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे उद्या कोणी आशा लावून फसवणार नाही : सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण आज कायदा तसा आहे. ती आदिवासी प्रवर्गातली असेल तर तिचं जातीचं आणि वैधतेचं प्रमाणपत्र आत्तापासून तयार ठेवा.

"ग्रामपंचायतीत दिव्यांगांचा पाच टक्के निधी असतो असं ऐकलं. आमचे ग्रामसेवक म्हणतात, पैसाच नाही."
— ग्रामपंचायत सदस्य, मानोरा तालुका, वाशीम

असतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार, गाळ्यांचं भाडं, यातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे. वसुली दोन लाख असेल तर दहा हजार होतात. लहान गावात रक्कम लहानच राहणार, पण शून्य नाही. तुम्ही सदस्य आहात, तर मासिक सभेत स्वनिधीची जमा किती आणि दिव्यांग खर्च किती, हे दोन आकडे इतिवृत्तात लिहून घ्या. गावातल्या दिव्यांगांची नोंदवही आहे का तेही विचारा. मुलांची नावं तिच्यातून हमखास सुटलेली असतात, कारण यादी मतदारांवरून करतात. खर्च करताना सगळ्यांना एकसारखी भांडी किंवा ब्लँकेटं वाटू नका. एका लेकराला चाकाची खुर्ची लागते, दुसऱ्याला महिन्याचे डायपर. घरी जाऊन विचारलं तर दहा हजारांतही खरं काम होतं. घरकुलातही दिव्यांगांसाठी ५ टक्के वाटा आहे, तो ठराव करताना विसरू नका.

"माझ्या भावाने दोन वर्षांआधी आत्महत्या केली. वहिनी मजुरीला जाते. त्यांचा मुलगा साडेतीन वर्षांचा, हाक मारली तर वळून पाहत नाही, बोलत नाही. गावातले म्हणतात, उशिरा बोलेल."
— काका, आर्वी तालुका, वर्धा

भाऊ, थांबू नका. हा अंक वाचून झाला की अंगणवाडी ताईला भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्यांची वाट पाहू नका. सरळ जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या आणि कानाची तपासणी करा. ऐकूच येत नसेल आणि कानाच्या मशीनचा उपयोग नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे कानाच्या आत ऐकण्याचं यंत्र बसवायची शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होते, पण ती पाच वर्षांच्या आत. बोली शिकण्याचं वय निघून गेलं की यंत्र बसवूनही शब्द येत नाहीत. तुमच्याकडे दीड वर्ष आहे, आणि त्यात प्रमाणपत्र, तपासण्या, नंबर लागणं हे सगळं बसवायचं आहे. शस्त्रक्रियेनंतर बराच काळ स्पीच थेरपी लागते. वहिनीची मजुरी बुडेल, तेव्हा घरच्यांनी पाळी लावून घ्या.

वडील नसलेल्या मुलाला बाल संगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळतात, अठरा वर्षांचा होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा, मंजुरी बाल कल्याण समितीची. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, वहिनीचा उत्पन्नाचा दाखला, दोघांचं आधार. शेतकरी आत्महत्या म्हणून प्रकरण सरकारी मदतीला पात्र ठरलं की अपात्र, याच्याशी या योजनेचा संबंध नाही. आमच्याकडे पुष्कळ बायका "आमचं प्रकरण अपात्र झालं" म्हणून इकडे फिरकतच नाहीत.

"मुलगी सतरा पूर्ण. बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के. तिच्या नावे आजोबांनी एक एकर केलं आहे. बँकेत म्हणतात, अठरानंतर तुमची सही चालणार नाही, कोर्टातून आणा. पिकाचं कर्ज, तिची पेन्शन, सगळं अडकेल का?"
— आईवडील, दर्यापूर तालुका, अमरावती

बँकेचं अर्धं खरं आहे. अठरा झाली की कायद्याने ती सज्ञान, मग नैसर्गिक पालक म्हणून तुमची सही थांबते. पण तिच्यासारख्यांसाठी कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती आहे, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तीच कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. निरामयला जे चार प्रकार चालतात तेच इथेही चालतात, आणि तुमची मुलगी त्यात बसते. अर्ज आईवडील दोघांच्या सहीने करा. वाढदिवस झाला की लगेच देता यावा म्हणून कागद आत्ताच जमवा : तिचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला, तुमची ओळखपत्रं, आणि तिच्या नावचा सातबारा. तो लपवू नका. पालक नेमल्यावर सहा महिन्यांच्या आत तिच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशोब समितीला द्यावा लागतो. काही घरांना हे जाचक वाटतं. मला ते हवंसं वाटतं, कारण आईबापांमागे त्या एका एकराकडे कोणाची नजर जाईल हे तुम्हीही जाणता. तिचा भाऊ खरोखर सांभाळणार असेल तर पुढेमागे त्याला पालक करायचं का, हे त्याच्या बायकोला सोबत बसवून बोला, तिच्या पाठीमागे नको.

अठराव्या वर्षी बौद्धिक अक्षमतेची तपासणी पुन्हा होते, नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ही तारीख चुकली की पेन्शन अडकते, म्हणून बोर्डाचा अर्ज आधी भरा. आत्ताच्या खात्यावर तुमचं नाव पालक म्हणून आहे. समितीचं प्रमाणपत्र हाती आलं की त्याची प्रत बँकेला आणि तहसीलच्या निराधार शाखेला, दोन्हीकडे एकाच दिवशी द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. बँकेचा माणूस तरीही कोर्टाचंच म्हणाला तर त्याला तोंडी समजावत बसू नका, शाखाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज करा आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात समितीच्या नावाने टाका. आणि हो, अठरा झाली की मतदार यादीत तिचं नाव घाला. बूथवर तिला सोबत घेऊन जायचा हक्क तुम्हाला आहे.